स्टर्लिंग फॉरेस्टची वॉर्बलर फेरी: एकच सकाळ घ्यायची तर जूनची घ्या

उत्तर न्यू जर्सीत राहणाऱ्या आणि पक्षी बघायची आवड असलेल्या मराठी मंडळींनी ही फेरी जरूर घ्यावी, आणि जमलं तर पूर्ण घ्यावी. ती दोन सकाळींची आहे. पहिली मेच्या मध्याला पॅटरसनजवळच्या गॅरेट माउंटनवर, स्थलांतराच्या ऐन हंगामात. दुसरी जूनमध्ये सीमेपलीकडे न्यू यॉर्कच्या स्टर्लिंग फॉरेस्टमध्ये, घरट्यांच्या दिवसांत. एकेक घेतली तर माणशी 80 डॉलर, दोन्ही मिळून 140. बहुतेक जण नुसती मेची घेतात, कारण मेमध्ये रंगीबेरंगी पक्षी ढिगाने दिसतात. मी दोन्ही केल्या, सोबत साताऱ्याहून आलेली माझी थोरली बहीण होती, आणि आम्हा दोघींचं मत एकच पडलं: खरा पैसा वसूल होतो तो जूनमध्ये.

जाहिरातीत ‘संकरित पक्षी’ हे शब्द ठळक छापलेत, तेव्हा ते प्रकरण आधी सांगते.

वॉर्बलर म्हणजे किडे-अळ्या वेचणारे चिमुकले गाणारे पक्षी. त्यातल्या दोन जाती इथे महत्त्वाच्या. दोघेही जेमतेम 12 सेंटिमीटरचे, वजन 8 ते 10 ग्रॅम. ब्लू-विंग्ड वॉर्बलर डोक्यापासून पोटापर्यंत पिवळाजर्द, डोळ्यातून जाणारी एक बारीक काळी रेघ, निळसर राखाडी पंखांवर दोन पांढरे पट्टे. गोल्डन-विंग्ड वॉर्बलर वरून राखाडी, खालून पांढरा, गळा काळा, डोळ्याभोवती काळा मुखवटा, माथा आणि पंखांवरचा डाग सोनेरी पिवळा. शेजारी शेजारी ठेवले तर यांचं काही नातं असेल असं कुणी म्हणणार नाही. पण दोघांची जोडी जमते, पिल्लं होतात, आणि ती पिल्लं पुढे स्वतःही संसार करतात. त्यातून जे दोन ठळक चेहरे तयार होतात त्यांना ब्रूस्टर्स वॉर्बलर आणि लॉरेन्सेस वॉर्बलर म्हणतात. ब्रूस्टर्सचं पोट पांढुरकं, गळा मोकळा, डोळ्यात बारीक रेघ. लॉरेन्सेस पिवळा, पण गळा आणि मुखवटा काळा. हा दुसरा फार क्वचित दिसतो. 1874 साली या दोघांचंही वर्णन नव्या, स्वतंत्र जाती म्हणून छापलं गेलं होतं. त्यातल्या लॉरेन्सेसचा पहिला नमुना आपल्या चॅटमचा, मॉरिस काउंटीतला. माझ्या घरापासून गाडीने पंधरा-वीस मिनिटं. इतक्या जवळची गोष्ट इतकी वर्षं इथे राहून मला ठाऊक नव्हती, ती या फेरीत कळली.

फेरी चालवणाऱ्या बाई हायस्कुलात जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या आहेत. त्यांचं नाव इथे लिहीत नाही, नोंदणीच्या पानावर ते आहेच. शिकवण्याची हौस त्यांच्यात अजून शिल्लक आहे, आणि तेच या सेवेचं खरं भांडवल. पक्षी दिसला की नाव सांगून मोकळं होणं ही त्यांची पद्धत नाही. आधी त्या विचारतात, ‘तुम्हाला काय दिसलं?’ गळा कसा होता? पंखावरचा पट्टा पांढरा की पिवळा? एक की दोन? दिसला नसेल तर ‘दिसला नाही’ असं म्हणायचं, अंदाज ठोकायचा नाही. सुरुवातीला काही जण यावर कुरकुरले. 80 डॉलर भरून आपल्यालाच प्रश्न का, असा त्यांचा चेहरा होता. मला मात्र ही पद्धत मनापासून आवडली, कारण संकरित पक्षी ओळखायचा दुसरा मार्गच नाही. पुस्तकातल्या दोन चित्रांच्या मधोमध कुठेतरी तो बसलेला असतो.

मेची सकाळ सहाला सुरू होते, गॅरेट माउंटनवर बार्बर्स पाँडच्या वाहनतळावर. हे ठिकाण नावाजलेलं आहे आणि ते का, हे नकाशा बघितल्यावर कळतं. चहूबाजूंनी पॅटरसन-क्लिफ्टनची दाट वस्ती, आणि मधे डोंगरावर ओक वृक्षांचा हिरवा तुकडा. रात्रभर दक्षिणेकडून उडत आलेले थकलेले पक्षी पहाटे खाली उतरताना तोच निवडतात. रडारवरून रात्रीच्या स्थलांतराचा अंदाज देणाऱ्या बर्डकास्टवर बाई आदल्या संध्याकाळी नजर ठेवतात आणि गटाला निरोप पाठवतात. आमच्या वेळी दक्षिणेचा वारा होता, त्यामुळे सकाळी झाडं भरलेली होती. ओकला मोहोर येतो त्याच सुमारास कोवळ्या पानांवर अळ्या असतात, आणि सगळे वॉर्बलर शेंड्याला त्या वेचत असतात. ब्लॅकबर्नियनचा नारिंगी गळा, मॅग्नोलिया वॉर्बलरचा पिवळ्या पोटावरचा काळा हार, पारुला, रेडस्टार्ट, ब्लॅक-थ्रोटेड ग्रीन. ताईने पहिल्या अर्ध्या तासात दुर्बीण डोळ्यांवरून खाली घेतली नाही. ‘एवढे रंग एका झाडावर मी जन्मात बघितले नाहीत,’ असं म्हणाली. तिने साताऱ्याच्या कासपासून कोयनेपर्यंत पक्षी बघितलेत, तेव्हा ही दाद साधी नाही.

पण संकरित पक्ष्याच्या दृष्टीने मेची सकाळ हातात फार काही देत नाही, हे स्पष्ट लिहिते. एक पक्षी आला खरा. ओकच्या शेंड्याला, बराच उंच, आमच्या थेट डोक्यावर. खालून फक्त पोट दिसतं. पांढुरकं होतं, छातीजवळ पिवळसर काहीतरी होतं. गळा काळा नव्हता असं चार-पाच जणांना वाटलं, एकाला तो काळा वाटला. पंख नीट दिसायच्या आत तो पलीकडच्या झाडावर गेला आणि दिसेनासा झाला. गटातल्या एका गृहस्थांनी लगेच ‘ब्रूस्टर्स!’ म्हणून फोनमध्ये नोंद करायला घेतली. बाईंनी शांतपणे थांबवलं. पक्षी कुठे दिसले त्याच्या नोंदी ठेवणाऱ्या ईबर्डवर अशा वेळेसाठी वेगळी नोंद असते, गोल्डन-विंग्ड किंवा ब्लू-विंग्ड, यांपैकी काहीतरी एक, एवढंच सांगणारी. ती निवडा म्हणाल्या. ते गृहस्थ नाराज झाले, पण बाई ठाम राहिल्या. त्यांचं म्हणणं मला पटलं. मेमधला पक्षी वाटसरू असतो. तो कुठून आला, कुठे जाणार, कुणाशी जोडी जमवणार, काही माहीत नसतं. नर असेल तर कदाचित गाईल, मादी असेल तर तेही नाही. जेवढं दिसलं तेवढंच लिहायचं.

मेच्या सकाळची दुसरी अडचण माणसांची गर्दी. शनिवारी गॅरेट माउंटनवर इतके पक्षीवाले जमतात की बाईंचं बोलणं मागे उभं राहणाऱ्याला ऐकू येत नाही. शिवाय तीन तास मान वर करून बघितल्यावर दुसऱ्या दिवशी मान धरते. सत्तरीच्या माणसांनी घडीची खुर्ची न्यावी, पाठ टेकून बघता येतं.

आता जूनकडे येते.

स्टर्लिंग फॉरेस्ट ऑरेंज काउंटीत, टक्सीडोच्या बाजूला आहे. 1998 मध्ये सरकारी आणि खासगी पैसा एकत्र करून हे जंगल बिल्डरांच्या हातून वाचवलं गेलं. इथलं पाणी आपल्याकडच्या धरणांना मिळतं म्हणून न्यू जर्सी राज्यानेही त्यात पैसे घातले होते. त्याच्या कितीतरी आधी इथे लोखंडाच्या खाणी आणि भट्ट्या होत्या. स्वातंत्र्ययुद्धात ब्रिटिशांची जहाजं अडवायला 1778 साली वेस्ट पॉइंटजवळ हडसन नदीवर जी प्रचंड साखळी आडवी टाकली, ती इथल्याच लोखंडाची. हा इतिहास सांगायला बाई पाच मिनिटं घेतात. त्याचं कारण आहे. भट्ट्यांना कोळसा लागायचा, त्यासाठी जंगल पुन्हा पुन्हा तोडलं जायचं, आणि तोडलेली जागा झुडपांनी भरून यायची. आपल्या या दोन वॉर्बलरना नेमकी तीच जागा लागते. दाट जुनं जंगल नको, उघडं माळरानही नको. मधली अवस्था हवी: गवत, ब्लॅकबेरीची काटेरी जाळी, कमरेएवढी झुडपं, कडेला उंच झाडं. आज ती अवस्था विजेच्या उच्चदाबाच्या तारांखालच्या पट्ट्यात टिकून आहे, कारण वीज कंपनीला तिथली झाडं वाढू द्यायची नसतात. फेरी त्याच पट्ट्याच्या कडेने जाते. देखणी जागा नाही. डोक्यावर तारा गुणगुणत असतात. पण पक्षी बरोबर डोळ्यांच्या रेषेत, आणि मान वर करावी लागत नाही.

इथाका कॉलेजच्या जॉन कॉन्फर यांनी याच जंगलात वर्षानुवर्षं या दोन पक्ष्यांची घरटी अभ्यासली आहेत. ब्लू-विंग्ड बहुतेक उंचावरच्या झुडपी जागेत, तर गोल्डन-विंग्ड तिथेही आणि दलदलीतल्या जंगलातही, असं त्यांना आढळलं. बाईंनी म्हणूनच वाट अशी आखली आहे की दोन्ही प्रकारची जागा लागते. गोल्डन-विंग्ड दिसेलच अशी हमी त्या देत नाहीत आणि द्यायलाही नको. हा पक्षी 1960 च्या दशकापासून फार कमी झाला आहे. अप्पलाचियन पट्ट्यात तर फारच थोडे उरलेत, आणि जगातले जवळपास निम्मे आता एकट्या मिनेसोटात घरटी करतात. आम्हाला तो दिसला नाही. त्याचं मला वाईट वाटलं, आणि ते फेरीच्या हिशोबात धरता येणार नाही.

पण ब्रूस्टर्स दिसला, आणि असा दिसला की ती सकाळ मी विसरणार नाही.

आधी आवाज आला. ब्लू-विंग्डचं गाणं दोन सुरांचं असतं, ‘बीऽऽ-बझ्झऽ’, पहिला वर आणि दुसरा खाली, खरखरीत. गोल्डन-विंग्डचं एक लांब सूर आणि मागोमाग तीन-चार आखूड: ‘बीऽऽ बझ-बझ-बझ’. आम्हाला ऐकू आलं ते पहिलं, अगदी स्वच्छ. गटात बऱ्याच जणांच्या फोनवर आवाजावरून पक्षी ओळखणारं मर्लिन ॲप चालू होतं, त्यावर ब्लू-विंग्ड असं नाव आलं, आणि माझ्या कानानेही तेच सांगितलं. बाईंनी सगळ्यांना फोन खिशात टाकायला लावले. संकरित नर आईबापांच्या दोन जातींपैकी कुठलंही एक गाणं गातो, त्याचं स्वतःचं वेगळं गाणं नसतं. म्हणजे नुसतं ऐकून यंत्रालाही कळणार नाही आणि पन्नास वर्षं कान तयार केलेल्या माणसालाही कळणार नाही. इथून पुढचं काम डोळ्यांचं.

मग तो एका वाळक्या फांदीवर येऊन बसला. पाठ राखाडी. माथा पिवळा. गळा स्वच्छ, काळ्याचा मागमूस नाही. डोळ्यातून बारीक रेघ. पोट पांढरं, आणि छातीवर पिवळसर छटा, हळदीचा हात चुकून पुसला गेल्यासारखी. पंखांवरचे पट्टे पिवळे. बाईंनी प्रत्येकाला एकेक गोष्ट बघायला सांगितली आणि घाई केली नाही. पक्षीही घाईत नव्हता, कारण तो त्याच्या स्वतःच्या हद्दीत होता. गाणं म्हणायचा, पाच-सात फांद्या सोडून दुसरीकडे बसायचा, परत गाणं. मेमध्ये जे पोटाखालून ओझरतं दिसलं होतं ते इथे पाठीकडून, समोरून, कडेने, पंख पसरलेला, सगळ्या बाजूंनी बघायला मिळालं.

थोड्या वेळाने तो गायचा थांबला आणि अळ्या शोधू लागला. हे जवळून बघायला मिळणं हा माझ्या मते या फेरीचा सर्वांत मोठा ठेवा. फांदीला लटकलेलं एक वाळकं, गुंडाळलेलं पान त्याने निवडलं. उलटा लटकला, टोकदार चोच पानाच्या गुंडाळीत मिटलेली घातली आणि आत गेल्यावर उघडली. चोचीच्या जोराने पान आतून फाकलं. मग डोकं तिरपं करून आत डोकावला आणि हिरवी अळी ओढून काढली. पानं गुंडाळून आत राहणाऱ्या अळ्या हे या पक्ष्यांचं आवडतं खाणं, आणि ती चोच त्या कामासाठीच घडलेली आहे. ताई शेतकऱ्याच्या घरची, तिला ते लगेच कळलं. ‘ही अळी तर फवारा मारूनही मरत नाही, पानातच दडून बसते,’ ती हळूच म्हणाली.

त्याने ती अळी गिळली नाही. चोचीत तशीच धरून दुसरी शोधली. बाईंनी लगेच आम्हाला मागे सरकवलं, चांगलं वीसेक पावलं. चोचीत अन्न धरून फिरणारा पक्षी म्हणजे जवळपास पिल्लं, आणि आपण मधे उभे असू तर तो घरट्याकडे जाणार नाही. तो शेपटी झटकत ‘चिप्, चिप्’ करत होता, तो इशारा आमच्यासाठीच होता. आम्ही मागे गेल्यावर तो ब्लॅकबेरीच्या जाळीत खाली उतरला. या दोघांची घरटी जमिनीवर असतात, गोल्डनरॉडसारख्या झाडोऱ्याच्या बुडाशी, म्हणून एक चुकीचं पाऊलही महागात पडू शकतं. एका छायाचित्रकाराला पुढे जायचं होतं. बाईंनी त्याला सरळ ‘नाही’ म्हटलं. आणि मागे थांबल्याचं फळ मिळालं. थोड्या वेळाने त्याच जाळीत दुसरा पक्षी अन्न घेऊन उतरला, आणि तो पिवळा होता. ब्लू-विंग्ड मादी. म्हणजे हा संकरित नर ब्लू-विंग्ड मादीबरोबर पिल्लं वाढवत होता. ही गोष्ट कुठलंही पुस्तक, कुठलंही ॲप आणि मेची कुठलीही सकाळ दाखवू शकत नाही. त्यासाठी एका पक्ष्यापाशी तासभर थांबावं लागतं, आणि थांबायला लावणारं कुणीतरी लागतं.

परतताना बाईंनी जे समजावलं ते त्यांच्या शाळेतल्या मुलांना हेवा वाटावा इतकं सोपं होतं. काळ्या गळ्याचा गुण दबणारा आहे. आईकडून एक आणि बापाकडून एक अशा त्या गुणाच्या दोन प्रती मिळाल्या तरच गळा काळा होतो. गोल्डन-विंग्ड आणि ब्लू-विंग्डच्या पहिल्या पिढीला एकच प्रत मिळते, म्हणून गळा मोकळा राहतो, म्हणून ब्रूस्टर्सच जास्त दिसतात. लॉरेन्सेस व्हायला पुढच्या पिढ्यांत दोन्ही प्रती पुन्हा एकत्र याव्या लागतात, त्यामुळे तो दुर्मीळ. कॉर्नेल विद्यापीठाच्या डेव्हिड टोव्स आणि सहकाऱ्यांनी 2016 मध्ये दोन्ही जातींचे जनुकसंच तपासले तेव्हा ते 99.97 टक्के सारखे निघाले. ठळक फरक सहाच ठिकाणी होता, आणि त्यातली बरीच ठिकाणं पिसांच्या रंगाशी आणि वाढीशी संबंधित. हा संकर हजारो वर्षं चालू असावा असंही त्या अभ्यासातून दिसतं. म्हणजे माणसाने जंगल तोडल्यामुळेच हे सुरू झालं असं म्हणता येत नाही. माणसाने बदलली ती जागा, आणि त्यातून कुणाला जास्त वाव मिळतो ते. शिवाय वरून अस्सल गोल्डन-विंग्ड दिसणाऱ्या पक्ष्याच्या रक्तातही दुसऱ्या जातीचा वाटा सापडतो, तो डोळ्यांना कधीच कळणार नाही.

एकाने विचारलं, मग संकर या दोघांपुरताच का? त्यावर बाईंनी पेनसिल्व्हेनियाची 2018 ची हकीकत सांगितली. लॉवेल बर्केट या हौशी निरीक्षकाला मेमध्ये एक नर दिसला. चेहऱ्या-अंगावर ब्रूस्टर्सच्या खुणा, छातीच्या कडेला तांबूस ठिपके, आणि गाणं मात्र चेस्टनट-साइडेड वॉर्बलरचं. त्यांनी कॉर्नेलला कळवलं, टोव्स येऊन रक्ताचा नमुना घेऊन गेले. आई ब्रूस्टर्स, बाप चेस्टनट-साइडेड. तीन जातींचा अंश एका पक्ष्यात, आणि त्यातली एक तर वेगळ्या प्रजातिसमूहातली. नुसतं गाणं ऐकून बर्केट पुढे गेले असते तर हा पक्षी कुणालाच कळला नसता. फेरीभर बाई जे शिकवत होत्या त्याचं याहून चांगलं उदाहरण नाही.

ताईने घरी येऊन जे काढलं ते तर मला या फेरीची सर्वांत चांगली पावती वाटते. माण तालुक्यात तिच्या सासरी रब्बीच्या ज्वारीवर हिवाळ्यात भारीटांचे थवे उतरतात. माळ्यावर बसून गोफणीने ते उडवण्यात तिची लग्नानंतरची वर्षं गेली. काळ्या डोक्याचा भारीट आणि लाल डोक्याचा भारीट, दोन्ही आपल्याकडे हिवाळी पाहुणे. उन्हाळ्यात काळ्या डोक्याचा पश्चिमेकडे जातो, लाल डोक्याचा मध्य आशियात, आणि उत्तर इराणमध्ये दोघांची हद्द एकमेकांना भिडते. तिथे त्यांचा संकर होतो, युर्गेन हाफर यांनी 1977 मध्ये त्यावर सविस्तर लिहिलं आहे. बाईंना ही जोडी माहीत होती, आणि ताई भारतातून आली म्हटल्यावर त्यांनी आपणहून विषय काढला. त्या थव्यातल्या एखाद्या नराचं डोकं ना धड काळं ना धड लाल असू शकतं, मार्च उजाडताना पिसांच्या कडा झिजल्या की रंग उघडे पडतात तेव्हा बघा, असं त्यांनी सांगितलं. माद्यांच्या नादी लागू नका, त्या दोन्ही जातींच्या इतक्या सारख्या की संकर ओळखणं जवळजवळ अशक्य. ताईने जाताना माझी जुनी दुर्बीण मागून घेतली.

तक्रारी आहेत, त्याही सांगते. गट बारा जणांचा असतो, तो आठचा असायला हवा. जूनच्या अरुंद पायवाटेवर मागच्या चौघांना पक्षी उशिरा दिसतो. पाऊस आला तर पैसे परत मिळत नाहीत, फक्त दुसरी तारीख मिळते, आणि ताईसारख्या परतीचं तिकीट ठरलेल्या पाहुण्यांना ती उपयोगाची नाही. बाईंनी छापून दिलेला चार चेहऱ्यांचा तक्ता उत्तम आहे, पण अक्षर इतकं बारीक की चष्मा काढ-घाल करावी लागते. स्टर्लिंग फॉरेस्टच्या त्या भागात स्वच्छतागृह नाही, हे नोंदणीच्या पानावर ठळक लिहायला हवं. तिथे बस-रेल्वेने पोहोचणं पहाटे शक्य नाही, गाडी लागतेच. नाश्त्याला मफिन आणि कॉफी असते, मफिनमध्ये अंडं असतं. आम्ही दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती, ती निम्म्या गटाने संपवली.

एका बाबतीत मात्र बाईंना पूर्ण गुण. त्यांनी दोन्ही सकाळी एकदाही रेकॉर्ड केलेलं गाणं वाजवून पक्षी जवळ बोलावला नाही. याआधी मी दुसऱ्या एका कंपनीच्या फेरीला गेले होते, तिथे गाईड स्पीकर घेऊन फिरत होता. नर बिचारा प्रतिस्पर्धी आला समजून घरटं सोडून आमच्या डोक्यावर घिरट्या घालत होता, आणि सगळे खूश होऊन फोटो काढत होते. ज्या पक्ष्याला चोवीस तासांत शेकडो अळ्या पिल्लांना भरवायच्या असतात, त्याचा वेळ असा खाणं मला सहन होत नाही. त्या फेरीचे पैसे कमी होते, पण मी परत जाणार नाही.

पाचपैकी साडेचार तारे. अर्धा गटाच्या आकारासाठी कापला, आणि तसं बाईंना लिहूनही कळवलं आहे.

जाणाऱ्यांसाठी: 8×42 ची दुर्बीण पुरते, नसेल तर बाईंकडे उसनी मिळते, नोंदणी करतानाच सांगा. जूनला पूर्ण बाह्यांचा फिकट सदरा आणि लांब पँट, पायमोजे पँटवर ओढून. या भागात गोचिडींपासून लाइम रोग होतो, तेव्हा कपड्यांवर आदल्या दिवशी परमेथ्रिन मारून वाळवा आणि घरी आल्यावर गुडघ्यामागे, काखेत, केसांत नीट तपासा. लहान मुलांना मेच्या फेरीला जरूर न्या, जूनला दहा वर्षांखालची मुलं नकोत, तासभर गप्प उभं राहावं लागतं. नोंदणी फेब्रुवारीत उघडते आणि शनिवार पहिल्यांदा भरतात. सुट्टी काढता आली तर मंगळवार-बुधवारची तारीख घ्या, त्या दिवशी गट बहुतेक वेळा अर्धाच असतो.